रिकामा टणत्कार

असे डोळे फाडून बघू नका हो. मोडका आहे मी, पण मुका नाही. मरोळ गावठाणात, चर्चच्या मागच्या गल्लीत क्लेटनचं दुकान आहे. तिथे काउंटरच्या मागे खिळ्याला जे लटकलंय, वरचं पातं चिरलेलं, दोरी लोंबलेली, ते धनुष्य म्हणजे मी. कंपाउंड धनुष्य.

कॅलेंडरवर रामाच्या हातात असतं तसला मी नाही. माझ्या मधोमध धातूची मूठ, वर-खाली दोन पाती, पात्यांच्या टोकांना चाकं आणि त्यावरून फिरणारी दोरी. पहिल्यांदा बघणारा हमखास म्हणतो, "आयला, सायकल मोडून बनवलंय की काय!" सवय झाली आहे मला. राग येतो, पण सवय झाली आहे.

जन्म माझा सातासमुद्रापलीकडच्या एका कारखान्यात. तिथलं काही विचारू नका, फारसं आठवत नाही. खोक्यात घातलं, टेप मारली, आणि डोळे उघडले ते थेट क्लेटनच्या दुकानात. हा क्लेटन इथलाच, गावठाणातला जुना माणूस. बापजाद्यांची भातशेती होती म्हणे इथे, आता सगळीकडे बिल्डिंगी. दिवसभर तोंड चालू. पाववाल्याशी भांडण, शेजारणीशी मस्करी, कुरिअरवाल्याशी वाद. मी मराठी शिकलो ती अशी.

दुकानात लटकून लटकून मला माणसं कळायला लागली. लोक धनुष्य निवडायला येतात आणि रंग निवडून जातात. कोणाला काळंच हवं, कोणाला मित्राकडे आहे तेच हवं. एकाने तर मला हातात धरून नुसते फोटो काढले आणि मग म्हणाला, "घरी विचारून सांगतो." अजून विचारतोच आहे बिचारा.

मग श्रावणात एके दिवशी निधी आली.

बारावीतली पोरगी. घाटकोपरला भटवाडीत राहणारी. बरोबर तिचे वडील जयवंत आणि तिच्या प्रशिक्षक संघमित्रा मॅडम. मॅडम मुलुंडच्या एका मैदानावर मुलांना धनुर्विद्या शिकवतात. तिथे क्लबचं एकच कंपाउंड धनुष्य होतं आणि ते सगळ्या पोरांच्या हातातून फिरायचं. दिवाळीनंतर राज्याच्या संघाची निवड होती. निधीची त्यात येण्याची आशा होती, म्हणून आता तिचं स्वतःचं हवं होतं.

जयवंतने आल्या आल्या भिंतीवरच्या सगळ्यात मोठ्या धनुष्याकडे बोट दाखवलं. "तो दाखवा. पोरगी वाढती आहे, दोन-तीन वर्षं पुरला पाहिजे."

क्लेटन हसून हसून लाल झाला. "काय हो भाऊ, शाळेचा युनिफॉर्म घेताय काय? टाचून, शिवण सोडून वापरायचाय? बो आज ज्या हाताला बसतो तोच घ्यायचा. मोठा घेतलात तर पोरीचा खांदा जाईल."

"बाबा, तुम्ही गप्प बसा ना जरा!" निधी लाजली होती.

क्लेटनने तिला भिंतीला पाठ लावून हात पसरायला लावले, या मधल्या बोटापासून त्या मधल्या बोटापर्यंत टेप धरली. दोन्ही हातांचा त्रिकोण करून त्यातून घड्याळाकडे बघायला लावलं, मग एक-एक डोळा मिटायला सांगितला. "उजवा डोळा मालक आहे हिचा, नेम त्यानेच धरायचा," तो म्हणाला. मग तीन धनुष्यं उतरवली. पहिलं ओढताना तिचा खांदा कानापर्यंत गेला. दुसऱ्यात हनुवटी पुढे आली. तिसरा मी.

माझी दोरी ओढताना सुरुवातीला जड लागते, फार जड. मग चाकं एका जागी वळतात आणि वजन एकदम उतरतं, डोक्यावरचा हंडा कोणीतरी हलकेच उचलून घ्यावा तसं. पोरीने ओढलं. चाकं वळली. तिचा श्वास थांबला आणि चेहरा शांत झाला. संघमित्रा मॅडम नुसत्या म्हणाल्या, "हाच."

शप्पथ सांगतो, मलाही तसंच वाटलं. हाच हात.

मॅडमनी तिला दोरी हळूहळू परत जागेवर आणायला लावली, सुटू दिली नाही. क्लेटनने मला पिशवीत घालताना मस्करी बंद केली. "भाऊ, ऐका. देवाशपथ सांगतो, बाण लावल्याशिवाय दोरी ओढून सोडायची नाही. कधीच नाही. बाण असला की सगळा जोर बाणात जातो. नसला की तोच जोर उलटा ह्याच्या पात्यात शिरतो. वरून काही दिसत नाही, आणि एक दिवस तोंडासमोर फुटतो."

"मला सांगता?" जयवंत म्हणाला. "लिफ्ट दुरुस्तीत आयुष्य गेलं माझं. ताण धरलेल्या दोरीशी खेळत नसतात, एवढं कळतं."

कळत होतं. म्हणून तर आज माझा जीव जळतो.

घरी गेल्यावर निधीने सगळ्यांना दम भरला. आई नलिनी ब्लाउज शिवायची, तिला तर खास. "आई, पुसायला म्हणून पण हात लावायचा नाही हं. आणि दोरी ओढून सोडायची तर अजिबात नाही. बो मरतो त्याने." नलिनी म्हणाली, "बरं बाई, तुझं बाळ तूच सांभाळ."

आणि सांभाळलं तिने. रोज पहाटे मुलुंडला जायची, आल्यावर मला पुसून ठेवायची. बाकीच्या पोरांचा नेम चुकला की ती धनुष्याला शिव्या घालतात. ही मात्र नेम चुकला की आपल्या कोपराकडे बघायची, पायांकडे बघायची. "माझंच काहीतरी चुकलं," म्हणायची. मला तेव्हा ते फार आवडायचं. आता नाही आवडत.

नवरात्र आलं. खंडेनवमीला त्यांच्या घरी हत्यारांची पूजा असते. गिरणीच्या दिवसांपासूनची रीत. नलिनीने पाट मांडला, रांगोळी काढली. पाटावर जयवंतचे पाने, पकडी, नलिनीची कात्री, अण्णांनी गिरणी सुटताना घरी आणलेला मागावरचा लाकडी धोटा, आणि मधोमध मी. हळद-कुंकू लावलं, झेंडू वाहिला, कापसाचं वस्त्र घातलं. निधीने हात जोडले तेव्हा डोळे मिटून किती वेळ उभी होती! खरं सांगू, छाती फुगली माझी.

अण्णा म्हणजे धोंडिराम, जयवंतचे थोरले भाऊ. बाप लवकर गेला, तेव्हा ह्या अण्णांनी गिरणीत राबून जयवंतला शिकवला, त्याचं लग्न लावून दिलं. पन्नाशी गाठली तरी जयवंत त्यांच्यासमोर पाय पसरून बसत नाही. शेजारच्याच इमारतीत राहतात, सणाला पहिलं पान त्यांचं. माणूस वाईट नाही हो. वाईट असता तर सगळं सोपं झालं असतं.

पूजा झाली. निधी खीर-पुरीचं ताट घेऊन वरच्या मजल्यावरच्या बाईंकडे गेली. आणि अण्णा पाटाजवळ आले.

"ह्यां काय गो नलिनी? रामाच्या धनुष्याक चाकां खय होती?" प्रसादाला आलेले सगळे हसले. अण्णांनी मला उचललं.

"अण्णा, जड आहे ते," जयवंत म्हणाला.

"माका जड सांगतस? गिरणीत काय कापूस पिंजूक होतंय मी?" त्यांनी मूठ धरली, दोरीत बोटं अडकवली. "शस्त्र पुजलां तर टणत्कार झालोच पायजे."

नलिनी पुढे झाली. "अण्णा, निधी म्हणते की ते—"

जयवंतने तिच्याकडे बघितलं. नुसतं बघितलं. थोरल्या भावाला सणाच्या दिवशी, पाहुण्यांसमोर, बायकोने अडवायचं नाही, असं ते बघणं होतं. नलिनी मागे सरली.

अण्णांनी ओढलं. म्हातारा असला तरी हाडं गिरणीतली, अर्ध्याच्या पुढे नेलं त्यांनी. मग सोडलं.

तो आवाज घरभर घुमला. कोणीतरी टाळी वाजवली. आणि माझ्या वरच्या पात्यात, आत, कुठेतरी, काहीतरी तुटलं. माणसांना हाड मोडल्यावर ओरडता येतं. मी हळदी-कुंकवाने माखलेला, झेंडूची फुलं अंगावर, तसाच थरथरत राहिलो.

"काय्येक नाय झालां!" अण्णा खूश होते. त्यांनी मला परत पाटावर ठेवलं, वस्त्र नीट केलं. जयवंत वाकला, माझ्या पात्यांवरून बोट फिरवलं. त्याला काही दिसलं नाही. दिसण्यासारखं नव्हतंच.

जिन्यावरून निधी धावत आली. "कसला आवाज झाला गं आई?"

नलिनीने नवऱ्याकडे बघितलं. जयवंत म्हणाला, "काही नाही. भांडं पडलं."

तेवढंच बोलला. दोन शब्द जास्त बोलला असता तर आज मी इथे नसतो.

दुसऱ्या दिवशी नलिनीने पाट आवरला. माझ्या अंगावरचं कापसाचं वस्त्र ओढलं, तर ते वरच्या पात्याला एका जागी अडकलं. तिने जरा ओढून काढलं. थोडे धागे तिथेच राहिले, ते नखाने टिपले आणि ती पुढच्या कामाला लागली.

मी सांगायचा प्रयत्न केला. माझ्याकडे तोंड नाही, पण आवाज आहे. ओढताना मी टक् करायचो, बारीक. निधीच्या कानाने तो पकडला. "काय रे, कुरकुरतोस कशाला?" तिने दोरीला मेण लावलं, स्क्रू तपासले. आवाज जाईना, तेव्हा एका रविवारी मला वडिलांपुढे धरलं. "बाबा, ह्यातून आवाज येतो. बघा ना जरा. क्लेटन अंकलकडे नेऊ का?"

जयवंतने मला मांडीवर घेतलं. किती वेळ घेतला! आत स्वयंपाकघरात नलिनीच्या हातातलं लाटणं थांबलं होतं. अरे बोल, मी म्हणत होतो, आता तरी बोल मेल्या, अण्णा इथे नाहीत, कोणाचा मान जात नाही, बोल! त्याला बोलायचं होतं, हे मला त्याच्या बोटांत कळत होतं. पण मग "भांडं पडलं" हेही सांगावं लागलं असतं ना. आपण पोरीशी खोटं बोललो, हे पोरीलाच सांगायचं म्हणजे बापाला जड जातं.

त्याने चाकांना तेल सोडलं. "नवीन आहे. बसतंय अजून," म्हणाला.

आणि तिने विश्वास ठेवला. बाप मेकॅनिक, तो म्हणतो तर खरंच असणार.

निवडीच्या दिवशी पवईच्या मैदानावर ऊन कडक होतं. निधी सुरेख मारत होती. मॅडमच्या चेहऱ्यावर आशा दिसत होती, तारेच्या कुंपणाबाहेर जयवंत डब्याची पिशवी घेऊन उभा होता. मी सगळं बळ एकवटून त्या चिरेला धरून होतो. अजून एक, अजून एक, म्हणत होतो.

मग तिने ओढलं, चाकं वळली, वजन उतरलं, तिचा डोळा निशाणावर लागला, आणि मी फुटलो.

वरचं पातं उभं चिरलं. दोरी सुटून उलटी आली ती तिच्या उजव्या डोळ्यावर. पोरगी ओरडली नाही. गुडघ्यावर बसली आणि तोंड झाकून घेतलं. मनगटाच्या पट्ट्यामुळे मी तिच्याच हाताला लटकून राहिलो होतो. जिचा डोळा मी फोडला, तिच्याच हाताला. कोणीतरी येऊन पट्टा कापेपर्यंत.

डोळा काढावा लागला नाही, पण नजर गेली. डॉक्टरांनी ते जयवंतला सांगितलं तेव्हा मी संघमित्रा मॅडमच्या खांद्यावर पिशवीत होतो. मॅडम रडत नव्हत्या, नुसत्या पुटपुटत होत्या, "पात्याला आधीच चीर असणार. एकदा कापसाचा बोळा फिरवला असता तरी कळलं असतं. चीर असली की धागे अडकतात." नलिनी त्यांच्या शेजारी बसली होती. तिने आपल्या बोटांच्या नखांकडे बघितलं आणि पदर तोंडात कोंबला. मॅडमना वाटलं, आईच ती, रडणारच.

अण्णाही आले होते. देवीचा अंगारा घेऊन आले, रात्रभर बाकावर बसून राहिले. "ह्या विलायती वस्तूंचो काय भरवसो नाय रे जयवंता," एवढंच परत परत म्हणत होते. आपल्या हातून काय झालंय ह्याची त्यांना गंधवार्ता नव्हती. आणि ज्याला होती तो मान हलवत होता.

चार दिवसांनी जयवंत मला घेऊन क्लेटनच्या दुकानात आला, मॅडम मागोमाग. काय बोलला! खोटा माल विकतोस, पोरीचं आयुष्य बरबाद केलंस, तुला सोडणार नाही. गल्लीतली माणसं गोळा झाली. क्लेटनने मला काउंटरवर घेतलं, दिव्याखाली धरलं, पातं उलटंसुलटं केलं.

"भाऊ," तो हळू म्हणाला, "पोरीचं ऐकून मला पण जेवण जात नाही. पण हा माल खोटा नव्हता. कोणीतरी रिकामा सोडलाय ह्याला."

जयवंतचं तोंड उघडं राहिलं. आता येतं बाहेर, मला वाटलं. आता येतंच.

"पोरीनेच सोडला असेल कधीतरी," जयवंत म्हणाला.

"निधीने?" मॅडम म्हणाल्या. "शक्यच नाही."

"पोर आहे हो मॅडम. मैत्रिणींना दाखवायला म्हणून..." त्याने वाक्य अर्धंच सोडलं. मला तिथेच टाकून निघून गेला. माझ्या पात्यापेक्षा वाईट फुटला होता तो, हे मला दिसत होतं. पण खरं सांगतो, मला त्याची दया आली नाही. अजून येत नाही.

क्लेटनने मला फेकलं नाही. खिळ्याला लटकवलं. नवीन माणूस धनुष्य निवडायला आला की आधी मला उतरवतो, चीर दाखवतो आणि सांगतो, "हे बघ. एका मुलीने रिकामा सोडला. डोळा गेला तिचा." मनात काही वाईट नसतं त्याच्या, दुसऱ्या कोणाचा डोळा वाचावा एवढंच. पण ते वाक्य मी रोज ऐकतो. एका मुलीने. एका मुलीने.

मध्यंतरी निधी आली. काळा चष्मा लावून. मॅडमनी आणलं होतं तिला, बरोबर नलिनी. "डावा डोळा ठणठणीत आहे," मॅडम म्हणाल्या. "डाव्या डोळ्याने, डाव्या हाताने मारणारे किती आहेत! नव्याने शिकवते मी तुला. नवीन बो निवड."

क्लेटनने डाव्या हाताचं एक धनुष्य काढून ठेवलंच होतं. तिच्या मापाचं, हलकं, निळं. तिने ते हातात घेतलं. ओढलं. हात नवा होता, थरथरला, पण चाकं वळली, वजन उतरलं, आणि देवा, तिचा चेहरा तसाच शांत झाला! मी खिळ्यावर श्वास रोखून बसलो होतो. घे गं, मी म्हणत होतो. घे, आणि मला विसरून जा.

तिने दोरी हळूहळू परत जागेवर आणली. मग विचारलं, "अंकल, रिकामा सोडल्यामुळेच झालं ना? नक्की?"

"नक्की गं पोरी. पण चुकतं माणूस. तू मनाला लावून घेऊ नकोस."

"मी खूप आठवलं," निधी म्हणाली. "रोज आठवते. आरशासमोर पोझ बघायचे कधीकधी, तेव्हा सुटला असेल. मला आठवतच नाही. पण बाबा म्हणतात म्हणजे सुटलाच असणार." तिने निळं धनुष्य काउंटरवर ठेवलं. "नको मॅडम. आपल्या हातून एवढं होतं आणि आपल्याला आठवतही नाही, म्हणजे माझा हातच भरवशाचा नाही. उद्या दुसऱ्या कोणाला लागलं तर?"

मॅडमनी खूप समजावलं. नलिनी दाराशी पर्सचा पट्टा आवळून उभी होती. एक चकार शब्द नाही. एक नाही!

जाताना पोरगी माझ्याजवळ आली. चिरेवरून बोट फिरवलं. "सॉरी रे," म्हणाली.

मला म्हणाली. मला!

आज दुपारी नलिनी एकटीच आली होती. मेट्रोने आली असावी, घामाघूम झालेली. क्लेटन एका गिऱ्हाइकाला माझी कथा सांगत होता. ती गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबली आणि म्हणाली, "क्लेटनभाऊ, एक विनंती होती. ते 'एका मुलीने' असं नका सांगू."

"मग काय सांगू ताई?"

तिचे ओठ हलले. "कोणीतरी सोडला... एवढंच सांगा."

क्लेटन साधा माणूस आहे, पण मूर्ख नाही. "ताई," तो म्हणाला, "पोरीने सोडला नव्हता ना?"

नलिनीने मान हलवली. नाही. मग पदराने तोंड पुसलं आणि भराभर पायऱ्या उतरली. क्लेटन दारापर्यंत धावला, पण ती वळलीसुद्धा नाही.

नलिनी, अगं, परक्या दुकानदाराला सांगितलंस, आता घरीही सांग. मरोळहून घाटकोपर काही लांब नाही. अण्णांना काय वाटेल, नवऱ्याचं तोंड कसं होईल, ते सगळं उद्या बघ. मला दुरुस्त करू नका, मी संपलो आहे. पण ती पोरगी घरात बसून आपल्याच हातांवर संशय घेते आहे गं. दार उघडलंस की चप्पल काढायच्या आधी तिच्याजवळ जा. तिचे हात हातात घे आणि सांग, बाळा, तू नाही सोडलास.